बहिरेपण केवळ कानाचे नव्हे

दुर्ग जिल्ह्यातील भिलाई हे एके काळी भाताच्या शेतांमधले एक खेडे होते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ ह्यांच्यात करार झाला, आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद ह्यांच्या हस्ते तेथील पोलाद कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. करार झाला तेव्हा त्या राज्याची राजधानी नागपूर होती. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात गेला व दुर्ग मध्य प्रदेशात राहिला. २००० सालापासून तो छत्तीसगडात आहे. राज्यांच्या सीमा अशा हलल्या, तरी मुंबई–हावडा लोहमार्ग होता तेथेच राहिला, आणि त्या मार्गाने आलेली अनेक मराठी कुटुंबे भिलाईच्या सेक्टरांमध्ये कायमची स्थायिक झाली. देशातील आगगाड्या ज्या रुळांवरून धावतात, त्यांचा फार मोठा भाग ह्याच नगरीत घडला आहे.

अशा एखाद्या घरातील संध्याकाळ वाचकांनी डोळ्यांसमोर आणावी. तीस-पस्तीस वर्षे रोलिंग मिलमध्ये काम करून निवृत्त झालेले एक गृहस्थ दूरदर्शन संचासमोर बसले आहेत. संचाचा आवाज एवढा मोठा आहे की शेजारच्या क्वार्टरमध्येही बातम्या ऐकू जाव्यात. स्वयंपाकघरातून पत्नी विचारते, “अहो, सात वाजले का?” गृहस्थ उत्तर देतात, “भात? एवढ्यात नको.” घरात हशा पिकतो. नातवंडांना ती गंमत वाटते. पत्नीला वाटते, ह्यांचे लक्षच नसते. आणि गृहस्थांना वाटते की अलीकडे सगळेच लोक तोंडातल्या तोंडात बोलू लागले आहेत. काही महिन्यांनी ते मंडळाच्या कार्यक्रमांना जाणे टाळू लागतात, लग्नकार्यात कोपऱ्यातली खुर्ची धरतात, आणि सुनेशी बोलावयाचे ते मुलामार्फत बोलतात. घरातील सर्वांचा निष्कर्ष एकच: वय झाले, कान गेले, चालावयाचेच.

हा निष्कर्ष दोन कारणांनी चुकीचा आहे. एक तर हे कान केवळ वयाने गेलेले नाहीत, कामाने गेले आहेत. दुसरे, जे घडले आहे ते कानापाशी थांबलेले नाही. ‘सात’चा ‘भात’ कानाने केला नाही. तो मेंदूने केला. आणि मेंदू ह्या उद्योगात एकदा पडला म्हणजे त्याची स्वतःची घडण हळूहळू बदलू लागते. बहिरेपणाकडे पाहण्याची आपली रीत, आपले कायदे आणि आपली आरोग्यव्यवस्था ह्या गोष्टीची पुरेशी दखल घेत नाहीत.

कानाचे काम आणि मेंदूचे काम

हवेतील कंपने कानाच्या पडद्यावर आदळतात, तीन चिमुकल्या हाडांच्या साखळीतून आत जातात, आणि गोगलगायीच्या शंखासारख्या वळलेल्या एका द्रवपूर्ण नळीत पोहोचतात. ह्या नळीत केशपेशी नावाच्या सूक्ष्म पेशींच्या रांगा असतात. प्रत्येक कानात त्यांची संख्या सुमारे १५,००० असते. त्यांपैकी सुमारे ३,५०० पेशी मेंदूकडे वार्ता धाडण्याचे मुख्य काम करतात. उरलेल्या क्षीण ध्वनीला जोर देतात. डोळ्याच्या दृष्टिपटलावर प्रकाश टिपणाऱ्या पेशी दहा कोटींहून अधिक असतात, हे लक्षात घेतले म्हणजे कानाची पुंजी किती लहान आहे ते कळेल. शिवाय ही पुंजी खर्च झाली की भरून येत नाही. कोंबडीच्या पिलात नष्ट झालेल्या केशपेशी पुन्हा उगवतात. मनुष्यात त्या उगवत नाहीत.

दीर्घकाळच्या गोंगाटाचा पहिला घाव बहुधा सेकंदास सुमारे ४,००० कंपनांच्या ध्वनीशी संबंधित पेशींवर पडतो. आपल्या भाषेतील स्वर मुख्यतः कमी कंपनांचे आणि जोरकस असतात. स, श, फ, थ ह्यांसारखी व्यंजने अधिक कंपनांची आणि दुबळी असतात. म्हणून अशा माणसाला ‘आ’ ऐकू येतो, पण त्याच्यापुढचे व्यंजन निसटते. सात, हात, भात, रात ह्या शब्दांतील भेद त्याच्या कानापुरता पुसट होतो. ‘ऐकू येते, पण कळत नाही’ ही अशा रुग्णांची नेहमीची तक्रार असते, आणि ती अक्षरशः खरी असते.

निसटलेले व्यंजन मग मेंदू भरून काढतो. वेळ संध्याकाळची, आवाज स्वयंपाकघरातून आलेला, तेव्हा शब्द ‘भात’ असावा, असा तर्क तो क्षणार्धात करतो. हा तर्क दहा वेळा बरोबर येतो, म्हणूनच बहिरेपण वर्षानुवर्षे झाकलेले राहते. अकराव्या वेळी तो चुकतो, आणि लोक हसतात. हसणाऱ्यांना हे ठाऊक नसते की आधीच्या दहा वेळांसाठी त्या माणसाने किती श्रम केले.

रिकामी जागा राहत नाही

पूर्वी असा समज होता की प्रौढ मेंदूची रचना ठरलेली असते: पाहण्याचा भाग पाहण्यासाठी, ऐकण्याचा ऐकण्यासाठी, एखाद्या इंद्रियाकडून वार्ता येणे थांबले की तो भाग ओस पडतो. दृष्टीविषयीच्या संशोधनाने हा समज मोडला.

डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझेल ह्या शास्त्रज्ञांनी १९६० नंतरच्या वर्षांत मांजरीच्या पिलांवर प्रयोग केले. पिलाचा एक डोळा जन्मानंतरचे काही आठवडे झाकून ठेवला आणि नंतर उघडला. डोळा निरोगी होता, तरी त्या डोळ्याने पिलाला जवळजवळ दिसेना. मेंदूतील ज्या पेशींनी त्या डोळ्याची वार्ता घ्यावयाची, त्या दरम्यान दुसऱ्या डोळ्याच्या सेवेत गेल्या होत्या. पूर्ण वाढलेल्या मांजरीचा डोळा तेवढाच काळ झाकला तर असे काही घडले नाही. म्हणजे बालपणी एक कोवळा काळ असतो, आणि त्या काळात जी वार्ता मेंदूपर्यंत पोहोचत नाही, तिची जागा दुसरे कोणी घेते. ह्या संशोधनाबद्दल दोघांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पुढे अंध मनुष्यांचा अभ्यास झाला. १९९६ साली नोरिहिरो सादातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले की लहानपणापासून अंध असलेली व्यक्ती बोटांनी ब्रेल लिपी वाचते तेव्हा तिच्या मेंदूतील दृष्टीचा भाग कार्यरत होतो. दुसऱ्याच वर्षी त्याच संशोधनाचा पुढचा भाग प्रसिद्ध झाला: डोक्याच्या मागील बाजूस चुंबकीय स्पंद देऊन त्या भागात क्षणभर अडथळा आणला, तर अशा व्यक्तींच्या ब्रेल वाचनात चुका होऊ लागल्या. तेव्हा ती केवळ पोकळ हालचाल नव्हती. दृष्टीसाठी राखलेली जागा स्पर्शाच्या आणि भाषेच्या कामी खरोखरच लागली होती.

दृष्टी उशिरा परत मिळाली तर काय होते, ह्याचा अभ्यास भारतातच झाला. भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ पवन सिन्हा ह्यांच्या ‘प्रकाश’ प्रकल्पात जन्मतः मोतीबिंदू असलेल्या, पण उपचाराविना मोठ्या झालेल्या मुलांवर दिल्लीत शस्त्रक्रिया करण्यात आल्या. त्या मुलांची नजर पूर्णपणे तीक्ष्ण झाली नाही; तरी जे काही दिसू लागले त्याचा अर्थ लावण्यास त्यांतील अनेक जण महिन्यामहिन्याने शिकत गेले. कोवळा काळ निघून गेल्यावर दार अर्धे मिटते, पण कुलूपबंद होत नाही, असा ह्या अभ्यासाचा आशय आहे.

कान ह्या नियमाला अपवाद नाही. जन्मतः बधिर असलेल्या बालकाच्या मेंदूत ऐकण्याचा भाग दृष्टीच्या आणि स्पर्शाच्या कामी लागतो. कर्णरोपण करावयाचे असल्यास ते साधारणतः साडेतीन वर्षांच्या आत झाल्यास सर्वांत फलदायी ठरते आणि सातव्या वर्षानंतर त्याचा लाभ पुष्कळ कमी होतो, असे कोलोरॅडो विद्यापीठातील डॉ. अनु शर्मा ह्यांच्या अभ्यासातून दिसून आले आहे. ज्या बालकाला असे उपचार मिळू शकत नाहीत, किंवा ज्याच्या पालकांनी दुसरा मार्ग निवडला आहे, त्याला सांकेतिक भाषा तितक्याच लवकर मिळाली पाहिजे. मेंदूला भाषा हवी असते. ती कानाने आली की डोळ्याने आली, हा प्रश्न दुय्यम आहे. पण ती वेळेवर यावी लागते.

निवृत्त कामगाराच्या मेंदूत काय घडते

भिलाईच्या त्या गृहस्थांचे बालपण मात्र ऐकण्यात गेले. भाषा त्यांना पूर्ण अवगत आहे. त्यांच्या मेंदूत जे घडते ते निराळे आहे, आणि त्याचे तीन भाग पाडता येतील.

पहिला भाग आवाज वाढविण्याचा. दूरच्या केंद्राचे प्रक्षेपण क्षीण येऊ लागले की रेडिओची कळ फिरवून आपण आवाज वाढवितो. त्यामुळे गाणे ऐकू येते, पण त्याबरोबर खरखरही वाढते. कानाकडून येणारी वार्ता कमी होताच श्रवणमार्गावरील मज्जापेशी असेच करतात. एरव्ही ज्या पेशी आवर घालण्याचे काम करतात त्यांचा जोर कमी होतो, आणि उरलेली वार्ता वाढवून पुढे पाठविली जाते. परिणाम असा की बाहेर शांतता असतानाही कित्येकांना कानात शिट्टी किंवा घोंघावणे ऐकू येते. ह्यालाच कर्णनाद म्हणतात. दुसरा परिणाम असा की हळू बोललेले कळत नाही, आणि कोणी ओरडून बोलले की एकदम कानठळ्या बसतात. ‘ओरडू नका, नीट बोला’ असे म्हणणारे आजोबा तऱ्हेवाईक नसतात. त्यांचा मेंदू कळ फिरवून बसलेला असतो.

दुसरा भाग शेजाऱ्याने जागा घेण्याचा. पूर्ण बहिरेपणातच असे घडते अशी समजूत होती. परंतु डॉ. शर्मा ह्यांच्या प्रयोगशाळेत सौम्य व मध्यम श्रवणदोष असलेल्या प्रौढांची तपासणी झाली, तेव्हा त्यांच्याही श्रवणभागात दृश्य वार्तेचे पडसाद आढळले. बोलणाऱ्याच्या ओठांकडे पाहून शब्द ओळखण्याची सवय ज्यांना लागली आहे, त्यांच्या मेंदूत डोळा कानाच्या मदतीला आला आहे असे म्हणता येईल. ही मदत उपयुक्तच आहे; पण दिवे गेले, किंवा बोलणाऱ्याने पाठ फिरविली, की ती तुटते.

तिसरा भाग श्रमाचा. निरोगी कानाचा मनुष्य सहज ऐकतो. ऐकताना तो दुसरा विचार करू शकतो. ज्याला प्रत्येक शब्द तर्काने जुळवावा लागतो, त्याच्या मेंदूचा पुढचा भाग, म्हणजे जो भाग एरव्ही लक्ष देणे, आठवण ठेवणे आणि निर्णय घेणे ही कामे करतो, तो नुसत्या ऐकण्यात गुंततो. अशा मनुष्याला शब्द ऐकू आला तरी वाक्याचा शेवट येईपर्यंत त्याची सुरुवात ध्यानात ठेवणे जड जाते. चारचौघांत अर्धा तास बसून तो थकतो. मग तो बसणेच सोडतो. घरच्यांना ते तुसडेपण वाटते.

म्हणजे मेंदूचा प्रतिसाद मुळात शहाणपणाचा आहे. तुटीच्या काळात घर चालविणारी गृहिणी जे करते तेच तो करतो: उरलेले पुरवून वापरतो, शेजारणीकडून उसने आणतो, स्वतः अधिक राबतो. पण तूट वर्षानुवर्षे टिकली की उसनवारीचेही ओझे होते.

स्मृतीचा प्रश्न

ह्या ओझ्याचा स्मृतिभ्रंशाशी संबंध आहे काय, हा सध्याच्या वैद्यकशास्त्रातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. डॉ. फ्रँक लिन ह्यांनी २०११ साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथील ६३९ व्यक्तींच्या दीर्घ पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. श्रवणदोष सौम्य असलेल्यांत पुढे स्मृतिभ्रंश होण्याचे प्रमाण सुमारे दुप्पट, मध्यम असलेल्यांत तिप्पट आणि तीव्र असलेल्यांत जवळजवळ पाचपट आढळले. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही, हे खरे. तरी ही आकडेवारी दुर्लक्षिण्याजोगी नव्हती. लॅन्सेट ह्या नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या कारणांत श्रवणदोषाला स्थान दिले, आणि २०२४ सालच्या अहवालात उपचाराविना राहिलेल्या दृष्टिदोषाचीही त्यांत भर घातली.

उपचाराने लाभ होतो काय, हे पाहण्यासाठी अमेरिकेत ७० ते ८४ वर्षे वयाच्या ९७७ व्यक्तींवर तीन वर्षांची चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. सर्वांचा एकत्र विचार करता श्रवणयंत्र मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांच्या बौद्धिक ऱ्हासात लक्षणीय फरक दिसला नाही. मात्र ज्यांना ऱ्हासाचा धोका आधीपासूनच अधिक होता, अशा उपगटात श्रवणयंत्र व मार्गदर्शन मिळालेल्यांचा ऱ्हास ४८ टक्क्यांनी मंदावला. हे दोन्ही निष्कर्ष सांगितले पाहिजेत. श्रवणयंत्र हे स्मृतिभ्रंशावरील औषध आहे असे सांगणारा विक्रेता अतिशयोक्ती करतो. आणि कान गेला तर मेंदूचे काय बिघडते, असे म्हणणारा अधिकारी अज्ञान प्रकट करतो.

कायद्याचा उंबरठा

आता भिलाईकडे, किंबहुना कोणत्याही पोलाद नगरीकडे, पुन्हा वळू. तापलेले पोलाद कापणाऱ्या करवती, हवा दाबणारी यंत्रे, झोतभट्टीला हवा पुरविणारे पंखे आणि लाटण्याच्या यंत्रांवर आदळणारे लोखंड ह्यांचा आवाज ९० डेसिबेलच्या वर सहज जातो. भारतातील कारखान्यांच्या आदर्श नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबेल ही मर्यादा घालण्यात आली, आणि १०० डेसिबेल आवाजात दोन तास काम करण्यास मुभा ठेवली गेली. डेसिबेलचे गणित साधे नाही. दहा डेसिबेल वाढले की ध्वनीची ऊर्जा दहापट होते. म्हणजे येथे ऊर्जा दहापट झाली आणि वेळ मात्र चौथाईवर आला. ऊर्जेच्या हिशेबाने पाहिल्यास कानाला अडीचपट मार पडला. हा हिशेब शाळेतील विद्यार्थीही करू शकेल.

गोंगाटाने येणारे बहिरेपण १९४८ च्या कारखाने कायद्याच्या अनुसूचीत, ज्यांची सूचना शासनास दिलीच पाहिजे अशा रोगांत घातले गेले. २०२० च्या संहितेतही त्याचे स्थान राहिले. परंतु सूचना देण्यासाठी रोग आधी सापडावा लागतो. तो कोठे शोधावयाचा, हा खरा प्रश्न आहे. पाळी संपवून बाहेर पडताना कानांना दडे बसतात आणि सकाळी ते मोकळे होतात, हा अनुभव अनेक कामगारांचा असतो. सकाळी ऐकू आले म्हणजे काही गेले नाही, असे तो मानतो. २००९ साली शॅरन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन ह्यांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखविले की अशा ‘मोकळ्या झालेल्या’ कानातही केशपेशी आणि मज्जातंतू ह्यांचे सांधे मोठ्या प्रमाणावर कायमचे तुटलेले असतात. नेहमीच्या तपासणीत, शांत खोलीत, एकेक सूर ऐकविला असता हे नुकसान दिसत नाही. गोंगाटात बोलणे समजते की नाही हे पाहिले तरच त्याचा सुगावा लागण्याचा संभव असतो.

दुसरीकडे, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबेलपर्यंतची हानी असेल तर मनुष्य ‘ऐकण्यास जड’ ठरतो, आणि ७० डेसिबेल झाली की ‘बधिर’. दाखल्यासाठी कोठे तरी रेषा ओढावी लागते हे मान्य. परंतु मेंदूचा कारभार सौम्य दोषातच बदलू लागतो असे आढळले असताना, त्या रेषेच्या अलीकडच्या माणसांना काहीच झालेले नाही असे समाजाने धरून चालणे अन्यायाचे आहे. ५० डेसिबेल हानीचा मनुष्य कायद्याच्या दृष्टीने धडधाकट असतो, आणि घरच्यांच्या दृष्टीने हट्टी.

डोळ्याच्या बाबतीत आपण असे वागलो नाही. भट्टीच्या प्रखर उष्णतेपुढे वर्षानुवर्षे उभे राहणाऱ्यांना मोतीबिंदूचा धोका असतो. तो झाला तर शस्त्रक्रिया होते, मनुष्याला दिसू लागते, आणि पेढे वाटले जातात. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आपण १९७६ साली सुरू केला. बधिरत्व निवारणाचा २००६-०७ साली. ह्या दोहोंमधील तीस वर्षांचे अंतर आपली मनोवृत्ती सांगते. आंधळ्याची दया येते आणि बहिऱ्याचे हसू येते, हे आपल्या नाटकांत, गोष्टींत आणि म्हणींत पुरेपूर उतरले आहे. चाळिशीत चष्मा लावणारा मनुष्य विद्वान दिसतो; साठीत श्रवणयंत्र लावणारा म्हातारा दिसतो. ह्या एका लाजेपायी किती जण मेंदूला वर्षानुवर्षे उपाशी ठेवतात, ह्याचा हिशेब कोणी मांडीत नाही.

काय करावे

पोलाद म्हटले की आवाज आलाच, असा युक्तिवाद ऐकू येतो. तो अर्धाच खरा आहे. यंत्राभोवती आवरण घालणे, वायू सुटतो तेथे ध्वनिशामक बसविणे, नियंत्रणकक्ष बंदिस्त करणे हे उपाय अभियंत्यांना ठाऊक आहेत. त्यांचा क्रम कानातील बोळ्यांच्या आधी लागतो. कामगार बोळे घालीत नाहीत, ही तक्रारही अर्धीच आहे. उष्णतेत, घामात, धोक्याची हाक ऐकू येणार नाही ह्या भीतीने तो ते काढतो. ती भीती दूर करण्यासाठी दिव्यांच्या खुणा हव्यात, आणि बोळे त्याच्या कानाच्या मापाचे हवेत.

प्रत्येक कामगाराच्या कानांची तपासणी नोकरीच्या पहिल्या दिवशी, नंतर दरवर्षी आणि निवृत्तीच्या दिवशी व्हावी. ठेकेदारामार्फत येणारा मजूर ह्यातून वगळला जाऊ नये. त्याच्या केशपेशी निराळ्या नसतात. तपासणीत गोंगाटातील बोलणे समजण्याची चाचणी असावी. निवृत्तीच्या समारंभात शाल-श्रीफळाबरोबर कानाच्या तपासणीचा आलेख हाती पडला, तर त्या घराला पुढील वीस वर्षे त्याचा उपयोग होईल.

श्रवणयंत्र मिळाल्यावरही काम संपत नाही. पहिल्या दिवशी ते लावताच भांड्यांचा खणखणाट, पंख्याचा घरघराट, स्वतःच्याच चपलांचा आवाज असह्य होतो, आणि यंत्र पेटीत जाते. यंत्र वाईट असते असे नाही. कळ फिरवून बसलेल्या मेंदूला ती पूर्ववत करण्यास अवधी लागतो. रोज थोडा वेळ, आधी शांत खोलीत एका माणसाशी, मग कुटुंबात, मग बाजारात, अशा क्रमाने काही आठवडे ते वापरावे, आणि तज्ज्ञाकडून आवाजाची पातळी जुळवून घ्यावी. २०२० साली डॉ. शर्मा आणि त्यांच्या सहकारी ह्यांनी एका लहान गटात असे दाखविले की सहा महिने योग्य श्रवणयंत्र वापरल्यावर दृष्टीने व्यापलेला श्रवणभाग पुष्कळसा मोकळा झाला आणि बौद्धिक चाचण्यांतही सुधारणा झाली. गट लहान असल्याने निष्कर्ष जपून घ्यावा. पण त्याची दिशा आशादायक आहे. मेंदू जसा तुटीशी जुळवून घेतो, तसा पुरवठ्याशीही जुळवून घेतो.

घरच्यांचे काम सर्वांत स्वस्त आणि कदाचित सर्वांत मोलाचे आहे. समोर येऊन, तोंडावर उजेड असताना, आधी नाव घेऊन, सावकाश बोलावे, ओरडू नये. एका वेळी एकानेच बोलावे. बोलताना दूरदर्शन बंद करावे. ‘जाऊ द्या, काही नाही’ हे वाक्य बहिऱ्या माणसाला कधीही म्हणू नये. त्या एका वाक्याने तो संभाषणाच्या बाहेर टाकला जातो.

भिलाईजवळच्या गनियारी गावात जन्मलेल्या तीजनबाईंनी पंडवानी जगभर नेली. त्या कलेत एकच गायिका हाती तंबुरा घेऊन महाभारतातील सारी पात्रे उभी करते, आणि प्रत्येक प्रसंगाला साथीदार ‘हो’ म्हणून हुंकार देतो. हुंकार देणारा नसेल तर पंडवानी रंगत नाही. मेंदूचेही असेच आहे. तो आयुष्यभर जगाची कथा रचीत असतो, आणि बाहेरून येणाऱ्या शब्दाची त्याला वाट असते. पोलाद घडविणाऱ्या माणसांनी आपले कान देशाच्या कामी खर्च केले. त्यांच्या मेंदूपर्यंत शब्द पोहोचता ठेवणे, हे त्यांच्यावर केलेले उपकार नव्हेत. ते त्यांचे येणे आहे.